लहानीची एका दिवसाची पाळी

सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नागपूरला करायचं ठरलं, तेव्हा त्यांच्यासोबत माझी धाकटी जाऊ खाप्याहून आमच्या मनीषनगरातल्या फ्लॅटवर राहायला आली. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते, यांची नोकरी फिरतीची. दर दोन तासांनी डोळ्यात थेंब घालायला घरात कोणीतरी हवंच होतं. सासूबाई आम्हाला नावानं हाक मारत नाहीत. मी मोठी, ती लहानी. माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती, तिच्या लग्नाला दीड. मला मूल नाही.

आली त्याच संध्याकाळी लहानीनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "ताई, एखादं पॅड आहे का तुमच्यापाशी? मी घरून आनलंच नाही." मी कपाटातलं आख्खं पाकीट तिला दिलं. दुसऱ्या दिवशी ते पाकीट कपाटात परत ठेवलेलं दिसलं, त्यातलं एकच कमी झालेलं. मी मनावर घेतलं नाही. सोमवारी ऑपरेशन होतं. सकाळी सातला दवाखान्यात हजर व्हायचं होतं आणि सासूबाई उपाशीपोटी वैतागल्या होत्या.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला. वाकायचं नाही, डोकं धुवायचं नाही, डोळा चोळायचा नाही, रडायचंही नाही, असं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "मी काहून रडीन?" आणि पुढचे पाच दिवस त्या दिवाणावर बसून घरातला एकूण एक आवाज ऐकत राहिल्या.

शनिवारी मला अर्धा दिवस असतो. दुपारी घरी आले तर लहानी बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "ताई, तुम्हाले एक विचारू?"

"विचार ना."

"आपली एमसी एकच दिवस आली, तं आली म्हनाचं का नाही आली म्हनाचं?"

मी तिच्या हातातली बादली खाली ठेवली. मग तिनं सगळं सांगितलं. तिची पाळी तशी वेळेवर येते, एखादा दिवस मागेपुढे. इथे आली त्या रविवारी डाग दिसला म्हणून तिनं पॅड मागितलं. पण ते नेहमीसारखं नव्हतं. चॉकलेटी रंगाचं, बोटभर. रात्रीपर्यंत तेही थांबलं. तिनं मनाशी म्हटलं, ऑपरेशनच्या धावपळीनं असेल. आता सहा दिवस झाले होते आणि पुढे काहीच आलं नव्हतं. कंबर दुखत होती, छाती जड झाली होती. पाळी येण्याआधीही तिला असंच होत असे, त्यामुळे त्यावरून काही कळत नव्हतं.

"त्या एका दिवसाला धरू नको," मी म्हणाले. "नेहमी जशी येते तशी आली नाही, म्हणजे नाही आली. उद्या सकाळी किट लावून पाहू."

"तुम्हाले हे सगळं कसं माहीत?" असं विचारून तिनं लगेच जीभ चावली.

मला माहीत असणारच. आठ वर्षं मी दर महिन्याला दिवस मोजले आहेत. तीन दिवस उशीर झाला की किट आणायचं. सकाळची पहिली लघवी, ड्रॉपरनं तीन थेंब, पाच मिनिटं. दर वेळी एकच रेघ. किट कचऱ्यात टाकायचं आणि तासाभरानं पुन्हा बाहेर काढून पाहायचं. तोवर त्यावर कधीकधी एक राखाडी सावली उमटलेली असे. दोनदा तर मी ती यांना दाखवायला नेली होती. ती रेघ नसते, वाळलेल्या पाण्याची खूण असते, हे डॉक्टरबाईंनी सांगितल्यावर कळलं. म्हणून दहा मिनिटांनंतर किटकडे पाहायचंच नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही उपचार थांबवले. कपाटात एक किट उरलेलं होतं, त्याची तारीख उलटून गेली होती.

नवीन किट आणायला मी जवळच्या मेडिकलमध्ये गेले नाही. तिथला माणूस मला ओळखतो. रेल्वे लाइनीपलीकडच्या दुकानात गेले, हळू आवाजात मागितलं. त्यानं कागदात गुंडाळून दिलं, तोंडाकडे पाहिलंही नाही. तरी घरी येईपर्यंत माझे कान गरम होते.

हे तेव्हा कामासाठी गोंदियाला होते. लहानीचा नवरा, म्हणजे माझा दीर, सावनेरजवळच्या कोळसा खाणीत आहे. खाली उतरला की शिफ्ट संपेपर्यंत त्याचा फोन लागत नाही. सासूबाईंना पक्कं कळल्याशिवाय सांगायचं नाही, असं लहानीचं म्हणणं पडलं. तिच्या आईलाही नाही. म्हणजे रविवारी सकाळी त्या बाथरूमच्या दारात आम्ही दोघीच होतो.

तिनं डबी माझ्या हातात दिली. "तुम्हीच टाका. माह्या हातून सांडन."

मी थेंब टाकले. कार्ड स्वयंपाकघराच्या खिडकीत ओट्यावर ठेवलं आणि घड्याळ पाहिलं. वरची रेघ लगेच आली, ती येतेच. खालची जागा पांढरी होती. तिसऱ्या मिनिटाला तिथं काहीतरी गुलाबी दिसू लागलं. फार फिकं, पेन्सिलीनं ओढून खोडल्यासारखं. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास नव्हता. अशा रेघा मी पूर्वी इतक्या वेळा नसताना पाहिल्या होत्या. मी कार्ड उचललं, उजेडात तिरपं धरलं. रेघ होती. राखाडी नव्हती, गुलाबी होती.

त्या वेळी मला काय वाटलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आनंद नंतर झाला. आधी वाटलं, हिला दीड वर्षात, न मोजता, न मागता. दोनतीन सेकंद असेल. मग लहानीचा आवाज आला, "आहे का, ताई?"

"आहे," मी म्हणाले. "फिकी आहे, पण आहे."

ती तोंडावर ओढणी दाबून हसली. बाहेरून सासूबाई म्हणाल्या, "काय चाललं वं तुमचं दोघींचं? माह्ये थेंब कोन टाकनार?"

त्या फिक्या रंगाची मला काळजी वाटत होती. आठवडाभर उशीर झाल्यावर रेघ जरा ठळक यायला हवी, एवढं मला माहीत होतं. मी ते बोलले नाही. तिला हसताना पाहून बोलवेना.

दुपारी चारला ती बाथरूममधून बाहेर आली तेव्हा तिचा चेहराच सांगत होता. पुन्हा डाग. या वेळी तांबडा. मी म्हणाले, घाबरू नको, सुरुवातीला बऱ्याच बायकांना थोडं जातं आणि सगळं नीटही होतं. हे खरं होतं, डॉक्टरबाईंच्या तोंडून ऐकलेलं होतं. पण नीट न होणाऱ्यांचंही तसंच सुरू होतं, हेही मी ऐकलेलं होतं. तिला झोपवून ठेवलं. रविवार, दवाखाना बंद. माझ्या जुन्या डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, पोटात एका बाजूला दुखतंय का, चक्कर, खांद्यात दुखणं, रक्त जास्त? नाही म्हटल्यावर म्हणाल्या, यातलं काहीही झालं तर थांबू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. नाहीतर उद्या सकाळी या.

सोमवारी मी शाळेत रजा टाकली. शेजारच्या काकूंना थेंबांसाठी बसवलं आणि सासूबाईंना सांगितलं की लहानीचं पोट बिघडलंय.

ज्या बाकावर मी वर्षानुवर्षं बसले होते त्याच बाकावर आम्ही बसलो. रिसेप्शनवरच्या मुलीनं मला ओळखून फाईल काढायला हात पुढे केला. मी म्हणाले, माझं नाही, हिचं आहे.

डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली. पडद्यावर काहीच नव्हतं. "इतक्या लवकर दिसतही नाही," त्या म्हणाल्या. "रक्ताची तपासणी करू. आज एकदा, बुधवारी एकदा. आकडा चांगला वाढला पाहिजे. वाढला तर आशा आहे. कमी झाला तर हे टिकत नाहीये. आणि धड वाढतही नाही, कमीही होत नाही, असं झालं तर गर्भ नळीत अडकलाय का ते पाहावं लागेल."

"तोवर काय कराचं?" लहानीनं विचारलं.

"वाट पाहायची."

"गोळी, इंजेक्शन काही? मी महिनाभर पलंगावरून उठनार नाही, तुम्ही म्हनान तं."

"काही उपयोग नाही गं. असतं तर दिलं असतं."

लहानीनं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटत होतं, मी या बाईंना इतकी वर्षं ओळखते, मी काहीतरी बोलीन आणि त्या ड्रॉवरमधून काहीतरी काढतील. मी पर्स मांडीवर धरून बसले होते.

मंगळवारी सकाळी मी ऑफिसला निघायच्या गडबडीत होते. लहानी हातात कार्ड घेऊन आली. पाकिटात दोन किट होती, हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. तिनं एकटीनं दुसरं लावलं होतं. रविवारची रेघ फिकी होती, ही त्याहून फिकी. खिडकीशी नेल्याशिवाय दिसेना.

"ही अशी काहून झाली, ताई?"

"रात्री पाणी जास्त प्यालीस का?"

"हो. घसा कोरडा पडे सारखा."

"मग त्यानंच. लघवी पातळ झाली की रेघ फिकी येते."

तसं होतं, हे खरं आहे. पण त्या वेळी मी ते खोटं म्हणूनच सांगितलं. तिनं मान हलवली, दिवसभर पाणी न पिता राहिली. संध्याकाळी मी घरी आले तर ओठ सुकलेले. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी तिला हातानं ग्लासभर ताक पाजलं आणि तरी खरं बोलले नाही.

बुधवारी पहाटे तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. पाळीत येतात तशा, पण जोरात. रक्तही जास्त. तरी तपासणीसाठी जायचंच होतं. ऑटोत बसताना ती म्हणाली, "खड्ड्यातून नेऊ नका म्हना त्यायले." मी ऑटोवाल्याला सांगितलं. तो बिचारा हळू चालवत होता. काही वाचेल अशातलं आता उरलं नव्हतं, हे मला कळत होतं. तिला कळत नव्हतं, की कळूनही ती तसं म्हणत होती, ते अजून मला सांगता येत नाही.

रिपोर्ट दुपारी आला. आकडा सोमवारच्या निम्म्याहूनही खाली गेला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, आपोआप होऊन जाईल, पाचसहा दिवस पाळीसारखं जाईल. आकडा शून्यावर येईपर्यंत दर आठवड्याला रक्त तपासायचं, ते चुकवायचं नाही.

लहानी म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी मी सासूबाईच्या चादरी धुतल्या. भरली बादली गच्चीवर नेली. त्याच्यानं तं नसंन?"

"नाही. बादलीनं जात नाही, जिना चढून जात नाही, पपई खाऊन जात नाही. इतक्या लवकर जातं ते बहुतेक वेळा मुळात घडण नीट झालेली नसते म्हणून. कोणाचं काही चुकलेलं नसतं."

"कोनाचंच नाही?"

"कोणाचंच नाही."

बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, "मंग बादली नसती उचलली तं राहिलं असतं का थोडे दिवस?" मी पुन्हा तेच सांगितलं. घरी पोचेपर्यंत ते मी चार वेळा सांगितलं असेन.

सासूबाईंना आता सांगावंच लागलं. त्या दिवाणावर काळा चष्मा लावून बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं. "मले पोटाचं सांगतलं तुम्ही," एवढंच म्हणाल्या. मग लहानीला जवळ बोलावून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. थोड्या वेळानं मला हाक मारली, "मोठे, माह्या चष्म्याखालून पुस वं जरा. मले रडू नको म्हनते तो डॉक्टर." मी कापसानं पुसलं. पुसता पुसता पुन्हा भरत होतं.

दीर संध्याकाळी मोटारसायकलनं आला, खाणीतून तसाच. कोपरापर्यंत धुतलेले हात आणि डोळ्यांच्या कडांना काळं. पिशवीत डझनभर केळी होती. ती कुठे ठेवायची ते त्याला कळेना. "वहिनी, मी काय करू?" त्यानं विचारलं. "तिच्याजवळ बस," मी म्हणाले. तो आत गेला आणि पिशवी हातात घेऊनच बसला. सकाळची शिफ्ट चुकवता येत नव्हती म्हणून तासाभरानं तो निघूनही गेला.

गुरुवारी मी चहा घेऊन लहानीच्या खोलीकडे गेले. ती तिच्या आईशी फोनवर बोलत होती. हात गरम पाण्याच्या पिशवीवर होते, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला होता. आईचा आवाज दारापर्यंत स्वच्छ येत होता.

"पन पहिले तिलेच काहून सांगतलं वं तू? मी मेली होती का? जिले सोताले नाही, तिच्या समोर ते कार्ड धरतं का कोनी?"

"आई, तसं नाही..."

"तिचा जीव वाईट नसन, मी कुठं म्हनतो. पन नजर काय आपल्या हातात राहते का?"

लहानीनं तेवढ्यात मला पाहिलं. फोन झटकन उचलून कानाला लावला. मी चहा स्टुलावर ठेवला आणि बाहेर आले.

मी शिकलेली आहे. डॉक्टरबाईंचं बोलणं मी त्याच बाकावरून ऐकलं होतं. त्या माउलीवर मला रागही आला नाही. तिची मुलगी चाळीस किलोमीटरवर पडली होती आणि तिला कोणावर तरी काहीतरी ठेवायचं होतं. पण त्या खिडकीत मला जे दोनतीन सेकंद वाटलं होतं ते फक्त मलाच माहीत होतं. कोणी तोंडावर विचारलं असतं, तुझ्या मनात काही आलं होतं का, तर मी नाही म्हणू शकले नसते. कोणाचं काही चुकलेलं नसतं असं मी स्वतः लहानीला चार वेळा सांगितलं होतं, तरी ते दोनतीन सेकंद मला चिकटून बसले. लहानीला बादली, मला ते.

त्यानंतर लहानी माझ्याशी वागण्यात बदलली नाही. उलट जास्तच जपून वागायला लागली, आणि तेच मला नको होतं. भांडी मी घासते म्हणाले की ती "नाही ताई, तुम्ही थकल्या" म्हणायची. ऑपरेशननंतरची तपासणी झाली, सासूबाईंना घड्याळाचे काटे दिसायला लागले, आणि त्या दोघी खाप्याला परत गेल्या. रक्ताच्या तपासण्या तिनं सावनेरला केल्या. तिसऱ्या आठवड्यात शून्य आलं, असा तिचा मोबाइलवर मेसेज आला. खाली हात जोडल्याचं चित्र होतं.

पुढच्या वर्षी तिला पुन्हा दिवस गेले. मला पाचव्या महिन्यात कळलं, तेही सासूबाईंच्या फोनवरून. त्या आधी डोळ्याबद्दल, मग यंदाच्या कापसाच्या भावाबद्दल बोलल्या, आणि मग म्हणाल्या, "लहानीचं चांगलं आहे सगळं. पाचवा लागला." मी म्हणाले, वा, छान झालं. त्या म्हणाल्या, "तुले सांगाचंच होतं वं." मी म्हणाले, असू द्या आई, लवकर सांगूच नये. यांना रात्री सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मला माहीत होतं." त्यांना भावानं तिसऱ्यातच सांगितलं होतं.

सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला मी खाप्याला गेले. ओटी भरायची वेळ झाली तेव्हा मी आपण होऊनच स्वयंपाकघरात वडाभाताच्या पातेल्याशी उभी राहिले. कोणाला मला थांबवावं लागू नये किंवा बोलवावं लागू नये म्हणून. बाहेर गाणी चालली होती. थोड्या वेळानं हिरव्या साडीतली लहानी आत आली, पाणी प्यायचं निमित्त करून.

"ताई, मी रोज फोन हातात घेत होती," ती म्हणाली. "पन माह्या आईनं शपथ घातली होती."

"बरं केलंस."

"तुम्हाले वाईट वाटलं असन."

"नाही," मी म्हणाले. "तू बस, उभी नको राहू."

ती बसली नाही. माझ्याकडे पाहत राहिली, मग बाहेरून तिला कोणीतरी हाक मारली.

तिला मुलगी झाली. आता ती दोन वर्षांची आहे, सावळी, कुरळ्या केसांची. मी गेले की पळत येऊन माझी पर्स उघडते. बाकीच्या बायका तिचे गाल ओढतात, किती गोड आहे म्हणतात. मी तिला मांडीवर घेते, भरवते, झोपवते. गोड आहे म्हणायची मात्र माझी अजून हिंमत होत नाही.